स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या शाहिरावर लिहायचंय, त्याच्या गाण्यांवरचे प्रभाव नेमके कसे शोधावेत?

जिंतूरकर

परभणी जिल्ह्यातल्या एका शाहिरावर मोठा लेख लिहायला घेतलाय. वय सत्तरीच्या पुढं. कुठल्या कलापथकात नोकरी केली नाही, कुठल्या कंपनीशी कायमचं नातं नाही. गाणी स्वतः रचायची, चाल स्वतः बसवायची आणि जयंती, उरूस, जत्रा, जिथून बोलावणं येईल तिथं जाऊन गायची. परवानगी अजून घ्यायची आहे म्हणून नाव देत नाही.

हाती असलेलं साहित्य: चार वह्यांत मिळून २१० गाणी, सात कॅसेटी, आणि हँडबिलं-पावत्यांचं एक गाठोडं. अडचणी अशा :

"तुमच्यावर कोणाचा प्रभाव?" असं विचारलं की "सगळं माझं स्वतःचं" एवढंच उत्तर येतं. वह्यांत एकाही गाण्याखाली तारीख नाही. कॅसेटींपैकी दोन वाजवल्या तर आवाज गुदमरल्यासारखा येतो. आणि लेखासोबत गाणी नेटवर टाकायची तर हक्काचं काय?

जाणकारांनी सांगावं. पुस्तकी व्याख्या नकोत, त्या भरपूर वाचून झाल्यात.

दिवटी

प्रश्नच उलट्या बाजूनं विचारला जातोय. "सगळं माझं स्वतःचं" म्हणणारा शाहीर खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशोबी गाणं म्हणजे शब्द. चाल म्हणजे गावच्या आडातलं पाणी, ज्याचा पोहरा त्यानं शेंदावं. तुम्ही प्रभाव विचारता तेव्हा त्याला ऐकू येतं, "चोरलं कुठून?" मग तो दुसरं काय सांगणार?

म्हणून शब्दांपासून सुरुवात करू नका. बाबासाहेब आले की आंबेडकरी, विठ्ठल आला की वारकरी, भवानी आली की गोंधळ, अशा वाटण्या केल्या तर गाण्यांचे विषय कळतील, प्रभाव कळणार नाही. माणूस कुणाच्या मागं उभं राहून शिकला ते चाल, ठेका आणि झील (मागच्या साथीदारांनी ओढलेला सूर) या तिन्हींत उतरतं.

पहिलं काम वह्यांतच आहे. गाण्याच्या डोक्यावर "चाल :" लिहून पुढं दुसऱ्याच गाण्याची ओळ दिलेली आहे का, बघा. आपल्याकडच्या वह्यांत आणि छापील पुस्तिकांत ही रीत सर्रास आहे. २१० पैकी किती गाण्यांवर असा शेरा आहे ते मोजा आणि त्या मूळ गाण्यांची यादी वेगळी काढा. तुमच्या लेखाचा निम्मा पाया तिथंच मिळेल.

जिथं शेरा नाही तिथं शाहिरांना गाणं म्हणायला लावू नका, नुसती चाल गुणगुणायला लावा किंवा पेटीवर वाजवायला सांगा. शब्द काढून घेतले की मूळ गाणं आपोआप ओठावर येतं. मग विचारा, "ह्या चालीवर आधी काय म्हणत होते लोक?" मूळ गाणं आणि त्यांचं गाणं एकापाठोपाठ एक म्हणून घ्या. एका बैठकीत आठ-दहा गाणीच घ्या. त्यापुढं गळा थकतो आणि प्रत्येक गाण्याला "तीच चाल" असं उत्तर येऊ लागतं.

ठेक्याबद्दल शाहिरांपेक्षा ढोलकीवाल्याला विचारा. नुसतं "आठ मात्रा" लिहून भागत नाही. भजनी ठेका आठाचा, केरवाही आठाचाच, आणि कव्वालीची संगतही बहुधा आठातच चालते. फरक वजनात आणि टाळीत आहे. टाळ-मृदंगाच्या भजनातून आलेला गायक चरणाचा शेवट सोडून देतो, तो टाळकरी उचलतात. कव्वालीतून आलेला गायक तीच ओळ चार वेळा फिरवतो, मध्ये शेर टाकतो आणि टाळीवर परत येतो. "जी जी" ओढणारे झीलकरी असतील तर घर पोवाड्याचं.

गोंधळाचा साचा ओळखायला सोपा, पण फसवा. तुळजापूर आणि माहूर, दोन्ही पीठं आपल्याच भागातली. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे, रेणुराई गोंधळी माहूरच्या रेणुकेचे. गोंधळात एकेका ठिकाणच्या देवाचं नाव घेऊन त्याला गोंधळाला बोलावतात आणि प्रत्येक ओळीचं शेपूट तेच राहतं. आता तुमच्या वहीत एखादं गाणं असं सापडेल, ज्यात गावांची नावं एकामागून एक येतात आणि प्रत्येकाच्या शेवटी "यावं" किंवा "उठावं" असतं. विषय मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा असेल, मोर्च्याचा असेल, त्यात देवाचं नावही नसेल. तरी साचा गोंधळाच्या आवाहनाचा आहे. असं गाणं सापडलं तर त्यावर लेखात अख्खं पान खर्च करा.

मात्र प्रभावाचा बाण एकाच दिशेनं काढू नका. पैठणला नाथांनी भारुडं लिहिली ती जोशी, वासुदेव, गोंधळी यांचीच सोंगं घेऊन. संतांनी लोकांकडून घेतलं, लोकांनी संतांकडून परत घेतलं. "हे वारकरी संप्रदायातून आलं" असं लिहिताना तेवढं भान ठेवा.

तुलनेसाठी वामनदादा कर्डक घ्या. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. गेले २००४ साली. अक्षरओळख झाली ती वयात आल्यावर, मुंबईत. १९४३ साली पहिली रचना केली ती एका हिंदी गाण्याचं विडंबन म्हणून. म्हणजे इतक्या मोठ्या कवीचीसुद्धा सुरुवात तयार चालीत शब्द बसवण्यानं झाली. तुमच्या शाहिरांनी तेच केलं असेल तर लेखात ते उणेपण म्हणून येऊ देऊ नका. आणि एक चूक लेखांत सारखी दिसते : आंबेडकरी जलसा उभा करणारे भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा वेगळे. आडनाव सारखं म्हणून दोघांचं काम एकाच्या खाती मांडू नका.

गोदाकाठ

तारखांचं बोलतो. गाण्याखाली तारीख नसते, पण गाण्याच्या पोटात असते.

सुकडी, खडी फोडणं, गिट्टीचं काम हे शब्द आले तर १९७२ चा दुष्काळ. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं धरण, भरल्याचं वर्णन असेल तर १९७६ नंतरचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. "नाव द्या" अशी मागणी असलेली गाणी बहुतेक या सोळा वर्षांतली; "नामविस्तार" हा शब्दच आला असेल तर अगदी शेवटची. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते एप्रिल २०१६ मध्ये.

जिल्ह्यांची नावं तर फार उपयोगी पडतात. जालना जिल्हा १ मे १९८१ चा, लातूर १६ ऑगस्ट १९८२ चा, हिंगोली १ मे १९९९ चा. "हिंगोली जिल्हा" असं गाण्यात असेल तर ते कडवं १९९९ च्या आधीचं असू शकत नाही. कडवं म्हणतोय, गाणं नव्हे. कडवी नंतर जोडली जातात.

इथंच लोक घसरतात. अशा खुणेतून फक्त "ह्याच्या आधीचं नाही" एवढं कळतं. भूकंपावरचं गाणं पाच वर्षांनी, एखाद्या स्मृतिदिनाला लिहिलेलं असू शकतं. म्हणून लेखात "१९९३ चं गाणं" न लिहिता "१९९३ नंतरचं" लिहा.

खोडलेले शब्द नीट बघा. उस्मानाबाद खोडून वर धाराशिव केलेलं असेल तर अक्षरं मोजा : उ-स्मा-ना-बा-द पाच, धा-रा-शि-व चार. ओळीच्या मापात कोणतं बसतं? जे बसतं ते बहुधा आधीचं. सरकारी कागदावर उस्मानाबाद असतानाही लोकांच्या तोंडी धाराशिव होतंच, त्यामुळं नुसतं "धाराशिव" दिसलं म्हणून गाणं नवं ठरत नाही.

वह्यांची मागची पानं सोडू नका. तिथं बिदागीचा हिशोब असतो. कोणत्या गावी किती मिळाले, जीपभाडं किती गेलं, ढोलकीवाल्याला किती दिले. त्यावरून त्यांच्या फिरतीचा नकाशा काढता येतो आणि नकाशावरून प्रभाव कळतो. देगलूर-बिलोलीकडं फेऱ्या जास्त असतील तर तेलुगू शब्द शोधा, उदगीर-निलंगा-उमरग्याकडं असतील तर कानडी. किनवट, हिंगोलीच्या तांड्यांवर कार्यक्रम झाले असतील तर बंजारा गाण्यातली नगारा-थाळीची लय. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाचं किंवा खुलताबादच्या दर्ग्यांचं नाव वारंवार येत असेल तर दिवटी म्हणतात ती कव्वाली कुठून आली याचा पत्ता लागला समजा. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुन्या पिढीच्या बोलण्यातच उर्दू होतं. मराठी कडव्यात "जुलूम", "फिर्याद", "हुकूम" दिसला की लगेच कव्वालीकडं बोट दाखवू नका, ते शब्द कचेरीतलेही आहेत.

आकाशवाणीवर गायले असतील तर करारपत्रं शोधा, त्यावर तारीख आणि मानधन दोन्ही असतं. गाठोड्यातली हँडबिलं क्रम न बदलता, जशी बांधलीत तशीच आधी फोटो काढून घ्या. दोन तारखांच्या मधला बिनतारखेचा कागद कधीचा, ते त्या क्रमावरूनच ठरवता येतं. छापताना मागच्या पानांवरचे फोन नंबर आणि देण्या-घेण्यातली नावं झाका.

धुमाळी

दिवटींचं बरंचसं पटतं, एका गोष्टीवर मात्र थांबा म्हणेन. "चाल :" च्या पुढं सिनेमातलं गाणं लिहिलेलं असलं म्हणजे चाल सिनेमातूनच आली, असं धरू नका. सिनेमावाल्यांनी स्वतः गावाकडच्या चाली भरपूर उचलल्यात. शाहिरांनी ती चाल लहानपणी देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्यात ऐकलेली असते, पण वहीत सिनेमाचं गाणं लिहितात, कारण ढोलकीवाल्याला ते पटकन कळतं. "चाल :" चा शेरा हा साथीदारांना दिलेला इशारा आहे, कबुलीजबाब नव्हे.

तपासायची युक्ती साधी आहे. सिनेमातल्या गाण्याला बहुधा दोन-तीन अंतरे (ध्रुवपदानंतरची कडवी) असतात आणि बऱ्याचदा त्यांची चाल ध्रुवपदापेक्षा वेगळी, वर चढणारी असते. शाहिरांनी तो अंतराही तसाच घेतलाय का? घेतला असेल तर मूळ सिनेमाच. ध्रुवपदाची चाल तेवढी जुळते आणि कडवी सरळ तीच चाल गिरवत जातात, तर दोघांचंही मूळ तिसरीकडं असण्याचा संभव जास्त.

दुसरं, घरातल्या बायकांना कुणीच विचारायला जात नाही. आई, आत्या, मोठी बहीण जात्यावर काय म्हणत होत्या? जात्यावरची ओवी दोन ओळींची, मध्ये "बाई", "गं" घालून ओढलेली. पुरुष शाहिराच्या गाण्यात मधेच असं भरतीचं "बाई" आलं, तेही पुरुषाच्याच तोंडी, तर ते जात्यावरून आलंय. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्यात आणि परीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात ऐकायला मिळतात. तिथं लाखावर ओव्या आहेत. भीमगीतांची परंपरा सांगताना लेखक जलशापासून सुरुवात करतात आणि जातं विसरतात. खरं सांगायचं तर हा आळस आहे.

जिंतूरकर

आभार. वह्या उघडून मोजलं : २१० पैकी ७४ गाण्यांवर "चाल :" आहे. त्यातली बरीच हिंदी आहेत. अंतऱ्याची तपासणी आता करते. कॅसेटी आणि रेकॉर्डिंगबद्दल कुणी सांगेल का?

फीत-रीळ

ताई, त्या दोन गुदमरलेल्या कॅसेटी आता पुन्हा वाजवू नका. आधी खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे. ती वाजवली की हेडला लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटींना. बुरशी नसेल तर खालच्या मधल्या फटीत फेल्टची बारकी गादी असते ती जागेवर आहे का बघा. ती गळून पडली की फीत हेडला टेकत नाही आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात हलवतात. चिकटवलेलं कवच फोडावं लागतं. हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करून बघा.

बाकीच्या पाचांसाठी : मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडलेले आहेत का पाहा, नसतील तर मोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं पळवा, फीत सैल होते. हेड आणि रबरी चाकाजवळचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. डेकच्या लाइन आऊटमधून संगणकाच्या लाइन इनमध्ये घ्या. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेली नक्कल फेकूनच द्यायची असते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण १ जीबी लागते. साठ मिनिटांच्या सात कॅसेटी म्हणजे ७ जीबी. ती कोरी नक्कल तशीच ठेवा, सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

तुमच्या कामासाठी महत्त्वाचं म्हणजे पट्टी. डेकचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी चुकला की गाणं एका पट्टीनं सरकतं. पेटीच्या काळी तीनमध्ये गायलेलं पांढऱ्या पाचला ऐकू येतं, आणि तुम्ही लिहून मोकळ्या होता की "तरुणपणी आवाज चढा होता". कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची घुंई ऐकू येते का बघा. ती ५० हर्ट्झची असायला हवी. ५३ ला दिसली तर फीत सहा टक्के जोरात पळतेय. घुंई बरोबर ५० लाच असेल तर ती तुमच्या डेकचीही असू शकते, कॅसेट थांबवून खात्री करा.

आता नवं रेकॉर्डिंग. पत्र्याची खोली नको, पंखा बंद. माइक तोंडापासून हातभरापेक्षा थोडा कमी आणि किंचित बाजूला, ढोलकी दीड मीटर मागं. हलगी असेल तर आवाजाची पातळी हलगीच्या सर्वांत जोरकस टिपरीवर लावा, गायकावर नाही, नाहीतर पहिल्याच तोड्याला आवाज फाटतो. हलगी शेकून कडक केलेली असते आणि पावसाळ्यात थोड्याच वेळात उतरते. मग दहाव्या गाण्यात तिचा सूर पहिल्यासारखा राहत नाही. मध्ये शेकायला वेळ द्या आणि कधी शेकली ते लिहून ठेवा. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पेटीची एकच पट्टी पाच सेकंद दाबून घ्या, पुढं सूर जुळवायला ती लागते. प्रत्येक गाणं दोनदा घ्या : एकदा साथीसह, एकदा नुसत्या तुणतुण्यावर. दुसऱ्यातच चाल स्वच्छ ऐकू येते.

सातबारा

हक्काचं थोडक्यात. वही तुमच्याकडं आली म्हणून गाणी तुमची होत नाहीत, आणि स्कॅन केलं म्हणूनही नाहीत. शब्द हे एक, चाल हे दुसरं आणि ध्वनिमुद्रण हे तिसरं, तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. शब्दांचा हक्क कवीच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. पारंपरिक चालीला मालक नाही. सिनेमाच्या चालीला आहे. म्हणजे तुमच्या त्या ७४ पैकी हिंदी चालींची गाणी यूट्यूबवर टाकली की कंपनीचा दावा येऊ शकतो, शब्द पूर्ण नवे असले तरी. ती लेखात छापा, नेटवर लावू नका.

कॅसेट कंपनीनं पूर्वी काही लिहून घेतलंय का विचारा, आणि "घेतलं असेल" यावर न थांबता कागद बघा. हक्क देणं लेखी असावं लागतं. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. जुन्या अर्ध्या पानाच्या कागदांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळं शाहिरांनी "गेलं ते" म्हणून सोडलेली गाणी अजून त्यांचीच निघू शकतात.

परवानगी मराठीत, एका पानात. कोणती गाणी, कुठं, किती काळ, पैसे आले तर कुणाला, आणि नको वाटलं तर काढून घ्यायचं कसं. वाचून दाखवा, कॅमेऱ्यासमोर होकार घ्या, एक प्रत त्यांच्या घरी ठेवा.

जिंतूरकर

शेवटचं एक. दुष्काळावरच्या एका गाण्याचं शेवटचं कडवं वहीत असं आहे :

आटल्या विहिरी / करपलं रान / शाहिराचं गान / कोण ऐके

कॅसेटमध्ये तिसऱ्या चरणात "शाहिराचं" च्या जागी दुसऱ्याच एका गायकाचं नाव आहे, षष्ठी धरून पाच अक्षरांचं. गाणं नेमकं कुणाचं?

दिवटी

हा मोठ्या अभंगाचा साचा आहे, सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. आ-ट-ल्या-वि-हि-री सहा, क-र-प-लं-रा-न सहा, शा-हि-रा-चं-गा-न सहा, को-ण-ऐ-के चार. वहीतलं कडवं चोख आहे. पाच अक्षरी नाव घातलं की तिसरा चरण सातचा होतो. कॅसेट कान देऊन ऐका, त्या नावातली दोन अक्षरं एका मात्रेत कोंबलीत का? कोंबली असतील तर नाव नंतर बसवलंय.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. आधीच्या कडव्यांचीही मोजणी करा. तिथंही सात-आठ अक्षरांचे चरण सापडले तर रचणाऱ्याचा हातच सैल आहे आणि ही कसोटी लागू पडत नाही. आणि "शाहिराचं" ही मुद्रा, म्हणजे शेवटी घातलेली रचणाऱ्याची खूण, इतर किती गाण्यांत आहे? बाकी सगळीकडं ते स्वतःचं नाव घालत असतील आणि इथंच नुसतं "शाहीर" असेल, तर वहीतलं कडवंही कुणाकडून तरी उतरवून घेतलेलं असू शकतं. त्या पानावरचं अक्षर शेजारच्या पानांशी ताडून बघा, आणि शाई तीच आहे का तेही.